शोभेच्या चाकाखाली काय आहे?

गेल्या उन्हाळ्यात मी दोन महिने इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीला मुलीकडे होतो. तिच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. उभी हयात मोटारीच्या कारखान्यात गेलेली. पत्नी वारली, मुलं दूर. घरासमोरच्या गॅरेजमध्ये त्यांची १९६६ सालची गर्द हिरवी एमजीबी उभी असते. दोन माणसांची, उघड्या टपाची, छोटी स्पोर्ट्स कार. नातीचं लग्न ठरलं होतं आणि नवरीला याच गाडीतून न्यायचं, असा आजोबांचा हट्ट होता.

अडचण एकच होती. गाडीची चाकं निघत नव्हती.

आज आपल्या रस्त्यांवर एमजी नावाच्या ज्या गाड्या दिसतात, त्यांचा या गाडीशी नावापुरताच संबंध. मूळ एमजी म्हणजे ऑक्सफर्डचं ‘मॉरिस गॅरेजेस’. एमजीबी १९६२ साली आली आणि १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत राहिली. पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या. साध्या गाडीला पत्र्याची चाकं असत. जादा पैसे मोजले की तारांची चाकं मिळत, सायकलसारखी. या तारांच्या चाकाला चार-पाच बोल्ट नसतात. मध्यभागी एकच मोठा नट असतो आणि त्याला दोन कान फुटलेले असतात. त्यालाच स्पिनर म्हणतात. कानावर हातोडा मारायचा, नट फिरतो, चाक निघतं. शर्यतीत वेळ वाचावा म्हणून ही युक्ती निघाली. आजच्या फॉर्म्युला वनच्या गाड्यांनाही प्रत्येक चाकाला एकच नट असतो.

पण शेजाऱ्यांच्या गाडीवर हे स्पिनर कामाची वस्तू राहिलेच नव्हते. ते दागिने झाले होते. दर रविवारी ते मऊ फडक्यानं पुसले जात. आधीच्या मालकानं त्यांना नव्यानं क्रोमचा मुलामा देऊन घेतला होता. इतके चकचकीत, की त्यात आपला चेहरा दिसावा. गेल्या अकरा वर्षांत मात्र एकदाही ते उघडले गेले नव्हते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जी शोभा उघडून बघता येत नाही, ती धोकादायक असते. आणि अशी शोभा उघडताना तिच्यावर ओरखडा आला, तर दोष उघडणाऱ्याचा नसतो. तो न उघडता पुसत बसलेल्याचा असतो.

मामूंचा पंजा

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारेल. मी शिक्षकी पेशातला माणूस. पण लहानपणच्या सुट्ट्या मिरजेत मामूंच्या सायकल दुकानात गेल्या. पंक्चर काढणं, छर्रे बदलणं, रिम सरळ करणं यातच हात काळे झाले. दुकानात एक जुनी इंग्लिश सायकल होती. तिच्या पुढच्या दातेरी चक्रात उघड्या हाताचा आकार होता. मला तो मोहरमचा पंजा वाटायचा. ही सायकल नक्की कुणा आपल्याच माणसानं बनवली असणार, अशी माझी खात्री होती. मामू हसायचे. ती ‘रज’ कंपनीची सायकल होती आणि हात ही त्या कंपनीची खूण होती.

हे सांगण्याचं कारण आहे. ही रज कंपनी कॉव्हेंट्रीचीच. १८९४ साली ती व्हिटवर्थ या दुसऱ्या सायकल कंपनीत मिसळली आणि रज-व्हिटवर्थ झाली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच सायकलवाल्यांनी मोटारीसाठी एका नटावर निघणारं तारांचं चाक आणलं. जॉन प्यू या त्यांच्या माणसाचं ते काम. म्हणजे शेजाऱ्यांच्या गाडीवरचा तो हट्टी दागिना मामूंच्या दुकानातल्या पंजाचाच भाऊबंद होता. हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये माझं जाणं-येणं वाढलं.

मुलगी म्हणाली, “अब्बा, बघायला जा हवं तर. पण लोकांच्या गाडीला हातोडा लावू नका.”

आवळला कुणी?

शेजाऱ्यांनी आधी एका गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. त्यानं दणादण हातोडे घातले. स्पिनर हलला नाही, एका कानाचा क्रोम तेवढा उडाला. दुसऱ्या दिवशी तो मोठा हातोडा घेऊन आला. तरीही नाही. “जाम झालाय, कापावा लागेल” म्हणाला, पैसे घेऊन गेला.

मी विचारलं, त्यानं कुठल्या दिशेला मारलं? शेजाऱ्यांनी हातानं दाखवलं. चारही चाकांना त्यानं एकच दिशा धरली होती. घड्याळाच्या उलट, जसा आपण कुठलाही नट सोडवतो तसा.

सायकल दुकानात वाढलेल्या पोराला इथेच शंका यायला हवी. सायकलचं उजवं पायडल सरळ आट्याचं असतं, डावं उलट्या आट्याचं. दोन्ही सारख्या दिशेनं सोडवायला गेलात तर एक सुटेल आणि दुसरं आणखी आवळेल. नवा पोऱ्या दुकानात आला की मामू त्याला हेच काम पहिल्यांदा देत. तो डाव्या पायडलशी घामाघूम झाला की जवळ जाऊन विचारत, “बेटा, तू खोल रहा है या कस रहा है?”

या चाकांचंही तसंच आहे. गाडीच्या दोन बाजूंना दोन वेगळे आटे. चाक पुढे धावताना नट सुटू नये, उलट आवळला जावा, म्हणून ही योजना. मी शहाणपणानं सांगून टाकलं की डावीकडचे आटे उलटे असणार, सायकलच्या पायडलसारखे.

आणि मी चुकलो. शेजाऱ्यांनी गाडीचं जुनं माहितीपुस्तक काढलं. गाडीत हिशेब नेमका उलटा निघाला. डाव्या बाजूला सरळ आटे, उजव्या बाजूला उलटे. मी माझ्या अनुभवाच्या भरवशावर हातोडा उचलला असता, तर दोन नव्हे, चारही चाकं चुकीच्या दिशेनं ठोकली असती. त्या गॅरेजवाल्याची निदान दोन तरी बरोबर होती!

अनुभवाची हीच गंमत आहे. मामूंनी मला नियम शिकवला, असं मी आयुष्यभर समजत होतो. खरं तर त्यांनी प्रश्न शिकवला होता. उघडतोयस की आवळतोयस? नियम वस्तूगणिक बदलतो. प्रश्न बदलत नाही.

लक्षात ठेवायला सोपं म्हणून सांगतो. अशा एमजीबीच्या बाजूला उभं राहा. स्पिनरचा वरचा कान गाडीच्या तोंडाकडे गेला की तो सुटतो, शेपटीकडे गेला की आवळतो. दोन्ही बाजूंना हेच. पण तेवढ्यावरही विसंबू नये. जुन्या गाडीचे सुटे भाग कुणी, कधी, कुठल्या बाजूला बसवले असतील याचा भरवसा नसतो. हबच उलट बाजूला बसला असेल तर धावता धावता नट आपोआप सैल होत जाईल. म्हणून दिसतील तेवढे आटे आधी डोळ्यांनी पाहावेत.

पुसलेला शब्द

पण ही सगळी कसरत करायची वेळच येऊ नये, अशी सोय बनवणाऱ्यानं केलेली होती. या स्पिनरवर मुळात एक बाण कोरलेला असतो आणि शेजारी इंग्रजी शब्द असतो ‘अन-डू’. म्हणजे सोडवा. सोबत गाडीची बाजूही लिहिलेली असते, डावी की उजवी. अडाण्यालाही समजावं इतकं सरळ.

मग शेजाऱ्यांच्या स्पिनरवर ते का नव्हतं? कारण नवा मुलामा देण्याआधी जुना धातू घासून गुळगुळीत करतात. त्या घासण्यात अक्षरं गेली. तीन स्पिनर अगदी कोरे होते. चौथ्यावर, मागच्या डाव्या चाकाच्या, बोट फिरवलं की काहीतरी लागत होतं. मी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. कागदावर बाणाचं टोक उमटलं आणि एका अक्षराची अर्धी रेघ. पुस्तक म्हणत होतं तीच दिशा.

त्या कागदाकडे आम्ही दोघं बराच वेळ बघत राहिलो. जो शब्द उपयोगाचा होता, तोच चकाकीसाठी घासून टाकला होता. आणि पैसे मोजून.

शोभेसाठी मूळ काम विसरण्याची ही खोड या वस्तूला जुनी आहे. साठच्या दशकात अमेरिकेत शेव्हरलेट कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या चाकांवर तीन पात्यांचे झाकणवजा स्पिनर येत. दिसायला शर्यतीच्या गाडीसारखे, पण नुसता देखावा. ते झाकण काढलं की खाली नेहमीचे पाच नट. पुढे अमेरिकन सरकारनं १ जानेवारी १९६८ पासून नव्या गाड्यांच्या चाकांवर असे बाहेर आलेले कान आणि पाती लावायला बंदी घातली. रस्त्यावरून चालणाऱ्याच्या पायाला ते लागू नयेत हा हेतू. मग खऱ्या नटांचेही कान गेले. त्या बाजारपेठेसाठी एमजीबीला अष्टकोनी, बिनकानांचा नट आला. तो नियम १९९६ मध्ये मागे घेतला गेला. पण तोवर कानांचे जुने स्पिनर हौशी लोकांच्या लेखी दागिने झाले होते. आणि दागिन्याला हातोडा कोण लावणार?

तीन निघाले, एक कापला

आम्ही घाई केली नाही. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे. नटाच्या सांध्यात गंज सोडवणारं तेल सोडलं आणि रात्रभर राहू दिलं. सकाळी पुन्हा तेल, संध्याकाळी पुन्हा. लोखंडी हातोडा वापरायचाच नाही. तांब्याचा किंवा कच्च्या चामड्याच्या तोंडाचा वापरायचा, म्हणजे मार बसतो पण धातू चेपत नाही. शेजाऱ्यांकडे तांब्याचा होता, गाडीइतकाच जुना.

दुसऱ्या दिवशी पुढचं डावं चाक सुटलं. कानाच्या टोकाजवळ एक नेमका घाव, मग दुसरा. आवाज बदलला. ठण्ण ऐवजी ठप्प. ज्यानं कधी जाम नट सोडवलाय, त्याला तो आवाज माहीत असतो. लगेच पुढचं उजवंही सुटलं, अर्थात उलट दिशेनं.

मागच्या उजव्यासाठी जावयानं एक जाड फळी आणली. तिच्यात स्पिनरच्या दोन्ही कानांच्या आकाराची खाच कोरली, फळी त्यावर बसवली आणि लांब टोकाला जोर दिला. हातोड्याचा मार एका कानावर पडतो, फळीचा जोर दोन्ही कानांवर सारखा पडतो. कुरकुरत का होईना, तो फिरला.

राहिला मागचा डावा. ज्याच्यावर ती अर्धी रेघ शिल्लक होती तो. तेल झालं, फळी झाली, गरम हवेचं यंत्र झालं. टायर आणि ग्रीस जवळ असल्यामुळे उघडी ज्योत लावायची नाही, हे आधीच ठरलं होतं. तो हलला नाही.

आता दोनच रस्ते होते. तो तसाच ठेवायचा आणि लग्न उरकून घ्यायचं, किंवा कापायचा. शेजाऱ्यांचा जीव होईना. मूळ अक्षरांची खूण असलेला तो एकच तुकडा उरला होता. ते म्हणाले, “इतकी वर्षं चाक पडलं नाही, आता एका दिवसात काय होणार?”

मी कापण्याच्या बाजूनं होतो. खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या वस्तूबद्दल असा आग्रह धरताना मला संकोच वाटत होता. पण गाडी निघताना आणि ब्रेक दाबताना मागून ‘टक्’ असा आवाज येतो, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं होतं. नट नवा मिळतो. माणूस मिळत नाही.

रात्री त्यांनी विचार केला आणि सकाळी स्वतःच करवत हातात घेतली. नटाचा जाड भाग कापत नेला, हबच्या आट्यांच्या अलीकडे थांबले, मग छिन्नी ठेवून एक घाव. नट फुटला. चाक बाहेर आलं.

आत जे दिसलं, ते पाहून त्यांनी गाडीला पाठ टेकली.

या चाकात नट फक्त चाक जागेवर धरून ठेवतो. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेतात ते हबवरचे दाते. चाकाच्या आतही तसेच दाते असतात आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. त्यांना स्प्लाइन म्हणतात. चांगल्या दात्याचं डोकं सपाट असतं. ग्रीस नसेल, नट नीट आवळलेला नसेल, तर दाते एकमेकांवर घासून झिजतात आणि सुरीसारखे धारदार होतात. इथे ते धारदार झाले होते. मध्ये तपकिरी भुकटी, ग्रीसचा पत्ता नाही. आणखी झिजले असते तर हब आत फिरला असता आणि चाक बाहेर मोकळं राहिलं असतं. आणि ब्रेकही हबवरच लागतो, चाकावर नाही. म्हणजे त्या चाकाचा ब्रेकही गेला असता.

वर मात्र चेहरा दिसेल इतका क्रोम.

दोष कुणाचा?

हे केवळ एका म्हाताऱ्याच्या हौसेपुरतं नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तपासणी झाली तरी तीत चाक उतरवत नाहीत. म्हणजे ज्या गाडीला सगळ्यात जास्त उघडून बघायची गरज, तिला उघडणारं कुणीच उरत नाही. सगळी भिस्त मालकाच्या सद्बुद्धीवर. आणि मालक पॉलिशच्या डबीवर खूश.

आपल्याकडेही मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांच्या मिरवणुका निघतात. तारांची चाकं उन्हात लखलखतात, लोक सेल्फी काढतात. त्या गाड्या जिवंत ठेवणारे हात बहुतेक वेळा एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये असतात. त्यांत आपल्या मोहल्ल्यांतले उस्ताद आणि त्यांचे शागीर्द कमी नाहीत. माझा एक मामेभाऊ अशाच कामात होता. त्यानं एका शौकिनाच्या गाडीचा जाम स्पिनर उघडला, आतले झिजलेले दाते दाखवले. मालकानं दात्यांकडे बघितलंही नाही. कानावरचा ओरखडा बघितला आणि मजुरी कापली. त्यानंतर तो शोभेच्या गाड्या उघडायला नकार देऊ लागला. “पुसून देतो म्हणतो, भाईजान. पुसायला कुणी नाही म्हणत नाही.”

मला वाटतं, नुकसान इथेच होतं. उघडणाऱ्याला शिक्षा आणि पुसणाऱ्याला बक्षीस मिळू लागलं, की शहाणा कारागीरही पुसायला लागतो. मग कागदोपत्री गाडी ‘जतन’ होते आणि आतून संपत जाते.

दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. ज्यानं एका दिशेनं दणादण हातोडे घातले, तो गॅरेजवालाही उघडायलाच आला होता. नुसती उघडण्याची हिंमत पुरत नाही. आधी विचारावं लागतं, वाचावं लागतं, थांबावं लागतं. ताकद आपल्याकडे खूप आहे, दिशा विचारायची लाज वाटते. आणि दिशा चुकली की प्रत्येक घावानिशी गाठ पक्की होत जाते. वर आपणच म्हणतो, फार हट्टी आहे.

तेव्हा जुन्या गाडीचा शौक असणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. वर्षातून एकदा तरी चारही चाकं उतरवा. दाते पुसा, बघा, बोटानं चाचपा. दात्यांना, आट्यांना आणि नटाच्या बैठकीला ग्रीस लावा, नट व्यवस्थित आवळा आणि थोडं चालवून पुन्हा तपासा. धार आलेली दिसली तर हब आणि चाक दोन्ही बदला. जुन्या हबवर नवं चाक चढवलंत तर तेही लवकर झिजेल. मुलामा द्यायचाच असेल तर अक्षरं राखून द्या. आणि कारागिरानं उघडताना एखादा ओरखडा आणला, तर तो त्याच्या मजुरीतून कापू नका.

नातीच्या लग्नाला एमजीबी गेली नाही. नवा हब आणि चाक यायला वेळ होता. नवरी मुलीच्या वडिलांच्या साध्या गाडीतून गेली. शेजारी दोन दिवस गप्प होते. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. गाडी तीन चाकांवर आणि एका लाकडी ठोकळ्यावर उभी होती. भिंतीवर, हत्यारांच्या शेजारी, कापलेल्या स्पिनरचे दोन तुकडे खिळ्याला टांगलेले होते. आणि त्यांच्या खाली माझा तो पेन्सिलनं घासलेला कागद चिकटवलेला होता. बाणाचं टोक आणि अर्धी रेघ.

हब आला की कळवतो म्हणाले. परवाच मुलीच्या फोनवर त्यांनी पाठवलेला फोटो आला. गाडी चारही चाकांवर उभी आहे. चौथा स्पिनर नवा आहे, जरा मळकट, ग्रीसच्या बोटांचे ठसे तसेच आहेत. त्यावरचा शब्द मात्र स्पष्ट वाचता येतो.